बुरुलच्या नसा

फ्रुंझे,
१२ मार्च १९८१

चि. सौ. बुरुल हिस,
थोरल्या बहिणीचे, सुयूमकानचे, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणायचं ते आपलं पाकिटावर तिकीट होतं म्हणून. मुलगी झाली, मी बरी आहे, एने बऱ्या आहेत, मेंढ्या व्यायला लागल्या. संपलं! लहानपणी माझ्या पाठीवर बसून अख्ख्या तेरेक गावच्या चहाड्या सांगणारी तू, आणि चार ओळींत आटपलीस? आमच्या इस्पितळात सहा-सहा महिने तोंड न उघडणाऱ्या बायका आहेत, त्यासुद्धा तुझ्याहून बोलक्या म्हणायच्या.

चौथ्या लेकीचं अभिनंदन आणि तिच्या गालाचा एक पापा माझ्या वाटचा. तिचं नाव ठेवलंत का? तुझ्या नवऱ्यानं, असांकुलनं, कार्डात लिहिलंय की तुझ्या सासूबाईंच्या, बातमा एनेंच्या, मनात 'उलबोल्सून' आहे, म्हणजे 'आता मुलगा होऊ दे'. बाई गं! आपल्या आईला चौथीही मुलगीच झाली म्हणून तिनं तुझं नाव बुरुल ठेवलं, 'वळ', नशिबा आता तरी मुलाकडे वळ. तुझ्या तिसरीला तुम्ही 'तोक्तो' केलंत, 'थांब'. त्यात ही आणखी एक आज्ञा. तुमच्या घरात पोरींची हजेरी घ्यायची म्हणजे चौकातल्या पोलिसानं शिट्टी फुंकायची. मी आपली पहिली, म्हणून माझ्या नावात तेवढं प्रेम आहे. पुढे आईबापांचा उत्साह ओसरला.

माझं ठीक आहे. वेड्यांच्या इस्पितळातलं दप्तर सांभाळणारी बाई म्हणून शेजारपाजारचे मला जरा दबून असतात, त्यामुळे रांगेत पुढे जायला मिळतं. सोबत चहाची दोन पुडकी पाठवतेय. एक एनेंना दे आणि ते मोठं आहे असं सांग. दुसरंही तेवढंच आहे, पण त्यांना बरं वाटेल.

बाळाची चाळिसाव्या दिवसाची, चाळीस चमचे पाण्याची आंघोळ झाली की सविस्तर लिही. सविस्तर म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना. वर्गातल्या पोरांना तू भूगोलाच्या पेपरात नेमकं हेच सांगतेस ना?

तुझ्या आळसावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
सुयूमकान

•

तेरेक,
२ एप्रिल

ति. एजेस,
बुरुलचा सा. न. वि. वि.

कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहितेय, आता मार्क कापू नकोस. चहा मिळाला. एनेंनी दोन्ही पुडकी हातात धरून वजन केलं, मग माझ्याकडे बघितलं. तुझी लबाडी पाच मिनिटंसुद्धा टिकली नाही. तुझे ते ट्रॉलीबस चालवणारे कासिम काय म्हणतात? अजून तुला शेवटच्या थांब्यापर्यंत नेऊन परत आणतात का? कधीतरी उतर की गं तिथेच.

एजे, आता खरं सांगते. ते चार ओळींचं पत्र लिहायला मला तीन दिवस लागले.

सकाळी डोळे उघडतात. मी उघडत नाही, ते उघडतात. मग मी छताचे वासे बघत पडते. उठायचं मनात येतं, पण मनातून अंगापर्यंत निरोप जात नाही, मधली तार तुटल्यासारखी. कणीक मळता मळता रडते. परवा नान खारट झाले म्हणून एने कुरकुरल्या, आणि मीठ तर मी घालायला विसरले होते! तुला हसू येईल म्हणून हे लिहिलं. मलाही तेव्हा हसू आलं, आणि ते थांबेना. त्यानंतर घरात सगळे माझ्याकडे जपून बघायला लागले.

बाळ रडतं ते मला ऐकू येतं, पण दरीपलीकडून कुणीतरी दुसऱ्याच कुणाला हाक मारावी तसं. दूध आहे. माया कुठे ठेवली ती सापडत नाही. आईनं असं लिहायचं असतं का?

इथे प्रत्येकाकडे माझ्यासाठी एकेक शब्द तयार आहे. असांकुल म्हणतो, नसा. कंपाउंडर म्हणतो, अशक्तपणा, वर हिरव्या बाटलीतले थेंब. शेजारणी म्हणतात, दृष्ट. असांकुलच्या काकांचं म्हणणं, बाळंतिणींना झपाटणारी अल्बार्स्ती अंगात शिरली आहे; वरच्या गावच्या मांत्रिकाला बोलवा, चाबकानं झोडून बाहेर काढतो. तेव्हा मात्र गंमत झाली. जुन्यातलं जुनं असेल ते एनेंना पसंत, तर वाटलं मान डोलावतील. पण त्यांनी चहाची किटली अशी आपटली की तोटी वाकडी झाली, आणि बाहेर निघून गेल्या. का, कोण जाणे. मला मात्र कुणी विचारलं नाही की तुला काय होतंय. विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं म्हणा, पण विचारायला काय हरकत होती?

सध्या पाण्याला नदीवर मी जात नाही, थोरलीला पाठवते. का ते विचारू नकोस, आणि असांकुलला कळवू नकोस.

तुझं हसणं पत्रातूनही ऐकू येतं. ते बंद करू नकोस.

तुझी,
बुरुल

•

फ्रुंझे,
९ एप्रिल

चि. बुरुल हिस, अनेक आशीर्वाद.

पत्र आज दुपारी आलं. डबा उघडायच्या आधी उत्तराला बसलेय, यावरून तुला माझ्या प्रेमाचा अंदाज यावा.

तू म्हणालीस, विचारू नकोस. विचारते. तुला जीव द्यावासा वाटतो का? हे बघ, मी विचारलं आणि आभाळ कोसळलं नाही. आमच्या डॉक्टरीणबाई, वेरा अर्काद्येव्हना, सांगतात की विचारल्यानं ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आत असेल तर त्याला बाहेर यायला दार मिळतं. हो की नाही ते मला उलट टपाली कळव. आणि त्याआधी, आजच्या आज, घरातल्या एका माणसाला सांग. एनेंना सांग. खवट आहेत, पण बहिऱ्या नाहीत. आणि ज्या बाईनं तुझ्यासाठी किटली वाकडी केली ती तुझ्या बाजूची आहे, का ते नंतर कळेल.

आता तुझ्या नसांबद्दल. वीस वर्षं मी इथली दप्तरं लावतेय. एका कपाटात पुरुषांची, एका कपाटात बायकांची. पुरुषानं दारू पिऊन शेगडी फोडली, खिडकीतून उडी मारली, तर कारणाच्या रकान्यात असतं 'अतिश्रम'. बायकांच्या कपाटात तो शब्द मला वीस वर्षांत एकदाही दिसला नाही. तिथे काय असतं? घरकाम करत नाही. उलट बोलते. कारणाशिवाय रडते. सासूचा मान ठेवत नाही. एकीच्या कागदावर तर 'पुस्तकं फार वाचते' असं होतं. आठ पोरं, दोन गाई आणि पहाटेची पाळी असलेल्या बाईनं अंथरूण धरलं, तर तिथे लिहिलंय 'आळस, स्वभावतः'. मी ते वाचून इतक्या मोठ्यानं हसले की आतल्या रुग्ण दाराशी येऊन मला बघून गेल्या.

हे आणि तुझं पत्र मी वेराबाईंना दाखवलं. मला वाटलं, त्या म्हणतील तुझ्या बहिणीला काही झालेलं नाही, सगळा कामाचा भार आहे. तर नाही. सिगरेट विझवून म्हणाल्या, भार खरा आहे आणि आजारही खरा आहे. बाळंतपणानंतर तो पुष्कळ जणींना होतो, त्यावर औषध आहे, आणि तो बाईचा गुन्हा नाही. नुसतं औषध देऊन त्याच भाराखाली परत पाठवली तर ती पुन्हा येते. नुसता भार उतरवला आणि औषध दिलं नाही, तर कधी कधी ती येतच नाही. माया हरवत नाही म्हणाल्या, आजार तिच्यावर बसलेला असतो.

एक मेच्या सुट्टीला मी येतेय, बसनं. तोवर कुठल्याही कागदावर सही करू नकोस, आणि क्षणभरही एकटी राहू नकोस. सोबतीला कुणी मिळालं नाही तर एनेंशी भांड. भांडणासारखी सोबत नाही.

कासिमचं विचारलंस. मी अजून उतरलेली नाही. तिथे चढ फार आहे.

तुझीच, डोळे पुसून हसणारी,
सुयूम

•

तेरेक,
१४ एप्रिल

आदरणीय सुयूमकान एजे यांस,
असांकुलचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की आपण सदर इस्पितळात नोकरीस असल्याने आपणास विनंती करीत आहे. माझी पत्नी सौ. बुरुल हिची प्रकृती प्रसूतीनंतर बिघडली असून लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत. घरकामात लक्ष नाही. बाळाकडे दुर्लक्ष. विचारलेल्या प्रश्नास उशिरा उत्तर, कधी उलट उत्तर. अवेळी हसणे. दि. ११ रोजी सायंकाळी ती नदीत गुडघाभर पाण्यात उभी असलेली आढळली. विचारले असता पाय धुते असे म्हणाली. वर बर्फ वितळू लागले आहे. या दिवसांत पाणी कसे असते ते आपणास ठाऊक आहे. मी तिला उचलून घरी आणले. तेव्हापासून आई तिच्याशेजारीच झोपते व तिला परसातही एकटी जाऊ देत नाही.

सामुदायिक शेतीवर सध्या मेंढ्यांच्या विण्याचा हंगाम असल्याने गुरांचा डॉक्टर या नात्याने मला रजा मिळणे अशक्य. तरी आपल्या ओळखीने तिच्यासाठी एक खाट मिळवून द्यावी. मीही तालुक्याच्या दवाखान्यात तिला घेऊन जाण्याविषयी आजच रीतसर अर्ज दिला आहे. ती पूर्ण दुरुस्त झाल्यावर परत आणण्याची व्यवस्था करीन.

कळावे, कृपा असू द्यावी.
आपला,
असांकुल

ता. क. एजे, मला भीती वाटते. हे वाक्य खोडायचे होते, पण पाकीट चिकटवायला आई उभी आहे आणि ती म्हणते राहू दे.

•

फ्रुंझे,
१९ एप्रिल

चि. असांकुल यास,
मेहुणीचे आशीर्वाद, आणि कान पकडायला हात इतका लांब पोचत नाही याचं दुःख.

तुझ्या कागदात ता. क. तेवढं पत्र आहे. वरचा सगळा अर्ज. ते वाक्य खोडलं नाहीस म्हणून मी हे गोडीनं लिहितेय.

तुला तुझ्याच धंद्यातलं विचारते. मेंढी व्याली आणि पिल्लाला जवळ घेईना, चारा खाईना, कोपऱ्यात तोंड घालून उभी राहिली, तर तू काय करतोस? तिची लक्षणं लिहून वरिष्ठांना कळवतोस, की मेंढी कर्तव्यात कसूर करते? उलट बें करते? नाही. तिला उबेत घेतोस, बाकीच्यांच्या धक्क्यांतून बाजूला काढतोस, कोमट पाणी देतोस, पिल्लू दुसरीकडे पाजून आणतोस, आणि तिला ताप आहे का ते हात लावून बघतोस. तुझ्या बायकोला तू शेवटचं हात लावून कधी बघितलंस? नदीतून उचललीस ती सोडून. त्या दिवशी तू तिथे होतास, त्याबद्दल मात्र मी जन्मभर तुझी ऋणी आहे.

आता खाटेबद्दल. मी इथलं दप्तर लावते म्हणून सांगते. माणूस अशा अर्जावर, गाडीत घालून, आत आलं की त्याचं नाव नोंदवहीत चढतं, आणि चढलेलं नाव उतरत नाही. शाळा तिला परत घेणार नाही. आणि 'पूर्ण दुरुस्त झाल्यावर आणीन' असं म्हणून गेलेल्यांच्या बायका इथे पांढऱ्या केसांच्या झाल्या. कुणी वाईट माणसं नव्हती ती. फक्त हंगाम होता त्यांचाही, आणि हंगामामागून हंगाम येतो.

डॉक्टर मात्र हवा, त्यात वाद नाही. मी एक मेला येते आणि बुरुलला आणि बाळाला माझ्या घरी आणते. वेराबाई तिला रोज बघतील, औषध देतील, आणि ती रात्री माझ्या खोलीत माझं घोरणं ऐकत झोपेल. तू तो अर्ज मागे घे. उद्याच जा.

तोवर दोन कामं. एनेंनी तिच्याशेजारी झोपायचं चालू ठेवायचं. पहारा म्हणून नाही, सोबत म्हणून. हा फरक त्यांना सांगायची गरज नसावी, पण तुला आहे. आणि बाळाचे लंगोट तू धुवायचेस. पुरुषांच्या हातांना पाणी बाधत नाही, मी इथे डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली आहे.

भीती वाटते ते बुरुललाही सांग. तिला वाटतंय घरात घाबरलेली ती एकटीच आहे.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझी पाठराखीण,
सुयूमकान

•

तेरेक,
२९ मे

सौ. सुयूमकान हिस, बातमाचे अनेक आशीर्वाद.

(एजे, अक्षर माझं आहे, शब्द एनेंचे. त्या सांगताहेत आणि मी लिहितेय. सौ. तू नाहीस हे मी त्यांना सांगितलं. म्हणाल्या, लिही, लिहिल्यानं होतं.)

तू माझी सून आजारी नेलीस आणि सोळा दिवसांनी परत पाठवलीस, ती अजून अर्धीच बरी आहे. (हे खरं आहे. वेराबाईंनीही तसंच सांगून पाठवलंय: हळूहळू, गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत.) पण अर्धी तर अर्धी, माझ्याशी वाद घालते, म्हणजे जिवंत आहे. काल म्हणाली मी लोणी जास्त कढवते. मी चाळीस वर्षं लोणी कढवतेय. (जास्तच कढवतात.)

माझा मुलगा लंगोट धुतो. दोरीवर वाळत घालतो तेव्हा चिमट्यानं असे ओळीत लावतो, जशा कातड्या टांगाव्यात. शेतावरची माणसं कुंपणापाशी उभी राहून हसली. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आभाळातून कोरडे पडलात होय रे? आता हसत नाहीत. दोघांच्या बायका येऊन मला विचारून गेल्या, हे तुम्ही त्याच्याकडून कसं करवून घेतलंत.

बाळाचं नाव मी ठेवलं, सालतानात. राजवैभव. उलबोल्सून नको. मुलगा व्हायचा तर होईल, पोरीला का निरोप्या करायचं?

आता असांकुल मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर गेलाय, पोरी शाळेत आहेत, म्हणून पुढचं सांगते. त्याला यातलं अक्षर कळता कामा नये. ही लिहिणारी पण हे पहिल्यांदाच ऐकणार आहे. (काय ते मलाही माहीत नाही, एजे.)

लढाईचा तिसरा हिवाळा होता. नवरा आघाडीवर. मला मूल झालं. कुठलं ते सांगत नाही. आणि मी पडले, तुझ्या बहिणीसारखीच. चूल पेटवेना, मूल घेईना. एक दिवस बर्फातून अनवाणी चालत निघाले, कुठे ते मलाच माहीत नव्हतं. माझ्या सासूनं मला धरून आणली आणि घोड्याच्या दोरानं खांबाला बांधली. नऊ दिवस. मग मांत्रिक आला. त्याच्याकडे चाबूक होता.

(इथे एनेंनी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.)

माझी सासू वाईट नव्हती. तिलाही दुसरं काही ठाऊक नव्हतं. पण दंडावर दोराची खूण आहे ती भाजल्याची नाही. (मला लग्न झाल्यापासून भाजल्याची म्हणूनच माहीत होती. आत्ता बाही वर करून दाखवली. दोर किती पदरी होता तेसुद्धा मोजता येतं, एजे.)

चाबकानं बरी झाले असं सगळा गाव म्हणाला. खोटं आहे. शेजारची काल्यिपा रोज यायची. एक शब्द बोलायची नाही. माझी गाय पिळायची, मुलाला दूध पाजायची, माझे केस विंचरायची आणि जायची. दोन महिने. तिचाही नवरा लढाईवर होता, तिची पण गाय होती. एक दिवस ती विंचरत असताना मी म्हटलं, केस ओढू नकोस. तेव्हा ती रडली. त्या दिवसापासून मी बरी व्हायला लागले. काल्यिपा मेली, आणि तिनं मला बरं केलं हे कुणाला सांगायचं राहिलं. अडतीस वर्षं मी घाबरत जगले की ते परत येईल आणि पुन्हा दोर निघेल. म्हणून खवट झाले. खवट बाईला कुणी लवकर हात लावत नाही.

बास. लिही, कळावे.

(एजे, पत्र घडी घालायला सांगून त्या चहा ठेवायला उठल्या. मी कंगवा घेतला आणि त्यांच्या मागे जाऊन बसले. त्या म्हणाल्या, हात धुतलेस का आधी. मी म्हटलं, धुतले.)

तुमच्या आमच्यातला जिव्हाळा उतू जाऊ दे, पण जास्त कढवू नको. (हे वाक्य माझं आहे. त्यांना वाचून दाखवलं नाही.)

बातमा
लिहिणार बुरुल

•

तेरेक,
२३ जून

ति. एजेस, सा. न. वि. वि.

बस, पाणी पी, मग वाच. सगळे धडधाकट आहेत, हे आधीच सांगून टाकते.

परवा सकाळी मी अंगणात दह्याचे गोळे वाळत घालत होते, तर दारात पांढरी गाडी. तालुक्याच्या दवाखान्याची. एक तरुण डॉक्टर, दोन धिप्पाड माणसं आणि एक कागद. कागदावर माझं नाव. नवऱ्याच्या विनंतीवरून.

असांकुलनं अर्ज मागे घेतलाच नव्हता! दोन महिने रोज उद्या जातो म्हणत होता. मागे घ्यायला गेलो तर कचेरीतले हसतील, असं त्याला वाटत होतं म्हणे. लंगोटांना हसले ते चाललं, कागदाला हसलेलं चालेना. मेंढ्या कातरायला तो कुरणावरून खाली आला होता, गोठ्यातून धावत आला, हातात लोकर कापायची कात्री तशीच. डॉक्टरला वाटलं वेडा हाच.

गोळे हातातून सुटले. ती दोन माणसं पुढे आली, दांडगाई करत नव्हती, पण पुढे आली. त्यांतला एक मला, ताई, चपला घाला, म्हणाला. आणि मी चपला शोधायला लागले. हे मला सर्वांत वाईट वाटतं. मी निघाले होते.

तेव्हा एने घरातून आल्या. हात कणकेनं भरलेले. डॉक्टरला म्हणाल्या, वेडी न्यायला आलात ना, मग क्रमानं घ्या, घरात थोरल्यांचा मान आधी असतो. तो बिचारा म्हणाला, आजी, कागदावर एकच नाव आहे. एने म्हणाल्या, मग दुसरं घाला, पेन नसेल तर माझी सून देते, मास्तरीण आहे. आणि बाही वर करून खूण दाखवली. सगळ्यांसमोर, एजे. दोर, खांब, नऊ दिवस, चाबूक, सगळं बोलल्या. बाजारभाव सांगावा तशा आवाजात. मला तेव्हा न्यायला गाडी नव्हती, म्हणाल्या, आता आहे तर मला न्या, हिचं औषध चालू आहे, माझं राहून गेलंय.

कुंपणापलीकडे शेजारणी जमल्या होत्या. कुणी हसलं नाही. मग त्यांतली ती जाडी, तुला माहीत आहे, जिला तू पिंप म्हणतेस, ती ओरडली की गाडीत जागा किती आहेत ते आधी सांगा, दुसऱ्या बाळंतपणानंतर मीही एक वर्ष भिंतीशी बोलत होते. तेव्हा मात्र हसल्या सगळ्या, आणि एक जण हसता हसता रडायला लागली. गाडीचा ड्रायव्हर उतरून सिगरेट ओढत लांब जाऊन उभा राहिला.

डॉक्टर वाईट नव्हता. घरात आला, चहा घेतला, वेराबाईंची चिठ्ठी आणि माझ्या गोळ्या बघितल्या. मला विचारलं, झोप लागते का, खाता का, मनात काही येतं का. मी सगळं खरं सांगितलं. येतं, पण पूर्वीसारखं नाही, आणि आलं तर मी एनेंना उठवते, हेही सांगितलं. तो म्हणाला, न्यायची गरज नाही, पण अर्ज देणाऱ्यानं तसं लिहून द्यावं लागेल. असांकुलनं लिहिलं. मोठ्या अक्षरात, एकही खोड न करता. मग त्यानं त्या तीन माणसांना गाडीपर्यंत पोचवलं आणि परत येऊन दारातच उभा राहिला. आत यावं की नाही, त्याला कळेना.

त्यानं आईला विचारलं, कुठलं मूल होतं.

एने म्हणाल्या, तू.

तो खाली बसला. मग त्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि जनावराची जुनी जखम बघतात तसा दंडावरून अंगठा फिरवत राहिला. एने म्हणाल्या, अडतीस वर्षं झाली, आता काय औषध लावतोस. त्यानं हात सोडला नाही. त्यांनीही काढून घेतला नाही. मी कणीक पुढे मळायला घेतली, आणि थोड्या वेळानं तो उठून हात धुऊन माझ्या शेजारी येऊन बसला, म्हणाला, शिकव. एजे, त्याचे नान खाण्यासारखे नव्हते. आम्ही सगळे खाल्ले.

मी पूर्ण बरी झालेले नाही, हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू शेजारणींना मिठाई वाटशील. काही सकाळी अजून जड जातात. पण परवा सालतानातनं माझी वेणी ओढली आणि मला तिचा राग आला, खरा, घरच्या माणसाचा येतो तसा. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे, आणि आम्ही दोघी एकमेकींवर रुसून बसलो. एनेंना काय झालं ते कळलंच नाही, मी का हसतेय म्हणून त्या घाबरल्या. मी म्हटलं, काही नाही, ओळख झाली.

सप्टेंबरपासून शाळेत परत बोलावलंय. हेडमास्तरांनी आडून आडून विचारलं, नसा कशा आहेत. मी सांगितलं, नसा जागच्या जागी आहेत, आजार झाला होता, औषध घेतेय. ते खोकले आणि मला सातवीचा वर्ग दिला. सातवीचा वर्ग ते धडधाकट माणसालाच देतात.

वेराबाई म्हणाल्या होत्या, हिवाळ्यात परत येऊ शकतं. आलं तर मी तुला पहिल्याच दिवशी लिहीन. चार ओळी लिहिता आल्या तर चार, एक लिहिता आली तर एक. नुसतं कोरं पाकीट आलं तरी समज आणि बस पकड. कासिमना आणलंस तर एनेंना सौ. लिहिल्याचं सार्थक वाटेल.

तुझ्या रागावण्याची आणि तुझी, दोघींची वाट बघणारी,
बुरुल